लिंक्डइन की वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप? कोकणात राहून ठरवताना

ओळखीपाळखीवर काम मिळणं कोकणाला नवीन नाही. गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्या आणि मुंबईतली ग्रामस्थ मंडळं यांच्या आधाराने कितीतरी चाकरमानी कामाला लागले. वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याच परंपरेतला. मग रोजचा अर्धा तास तिथे द्यायचा की लिंक्डइनवर? विकायचं काय आहे, यावर उत्तर बदलतं.

हापूसच्या पेट्या घरगुती गिऱ्हाइकांना द्यायच्या असतील, तर व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसं आहे. कॅटलॉगमध्ये फोटो आणि भाव टाका. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तेही तिथे लिहा. ब्रॉडकास्ट यादीवरचा निरोप मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, त्यामुळे पहिली पेटी देतानाच गिऱ्हाइकाला तो सेव्ह करायला सांगा. होमस्टे असेल तर गूगल मॅप आणि इन्स्टाग्राम. लिंक्डइन या दोघांच्याही कामाचं नाही.

आंब्याचा पल्प किंवा काजूगर टनावारी विकणाऱ्याचं गणित वेगळं. आइस्क्रीम किंवा मिठाईच्या कंपनीचा खरेदी अधिकारी तुमच्या वाडीच्या ग्रुपवर नसतो. लिंक्डइनवर तो कंपनी आणि हुद्दा टाकून शोधता येतो. त्याला लिहिताना कोकणच्या निसर्गाचं वर्णन नको. माल किती, कोणत्या महिन्यात, अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना आहे का, तपासणीचा अहवाल आहे का, एवढं चार ओळींत सांगा.

नोकरीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि इथेच मुलांना अर्धवट सल्ले मिळतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं की नवी माहिती जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखींतून जास्त येते. कारण उघड आहे: लोटे एमआयडीसीत जागा निघाली, तर वाडीतल्या सगळ्यांना तीच एक बातमी कळते. पुढे लिंक्डइनच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षं प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. अगदी अनोळखी नाही आणि अगदी घरचाही नाही, अशी मधली ओळख नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरली. पण ते सगळीकडे सारखं नव्हतं. संगणकावर चालणाऱ्या क्षेत्रांत लांबच्या ओळखी कामी आल्या, तसं नसलेल्या क्षेत्रांत जवळच्याच.

मला हा फरक कोकणासाठी फार मोलाचा वाटतो. सॉफ्टवेअर, डिझाइन किंवा घरबसल्या करायचं काम हवं असेल, तर रत्नागिरीत राहूनही लिंक्डइनला पर्याय नाही. प्लांट ऑपरेटर, हॉटेल, बंदर अशा ठिकाणी जायचं असेल, तर आधी आतेभावाला फोन करा. तिथे शब्द टाकणारा माणूस लागतो. कृषी पदवीधर या दोहोंच्या मधे येतात. त्यांनी लिंक्डइनवर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं पान उघडावं, माजी विद्यार्थ्यांची यादी शहर आणि कंपनीनुसार चाळावी, आणि तीन-चार वर्षं पुढे असलेल्यांना लिहावं. लगेच नोकरी मागू नये. त्या कंपनीत भरती कशी होते, एवढंच विचारावं. अशा नेमक्या प्रश्नाला उत्तर द्यायला सीनिअरलाही सोपं जातं.

जहाजावर किंवा आखातात जाणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणी सावध राहायला हवं. मोठ्या कंपनीचा लोगो कुणीही लावू शकतो, आणि ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्या काकांनीही चौकशी केलेली नसते. जहाजासाठी एजन्सीचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा, आखातासाठी एजंटची नोंद सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर. जहाजावर लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला परवानाधारक एजन्सीला मनाई आहे. कुणी ते मागितले, तर बोलणं तिथेच थांबवा आणि तो मेसेज जपून ठेवा. तक्रार करताना लागेल.