फुले जयवंत गवत: केळीबागेच्या बांधावर लावून पाहिलं

आमच्या रावेर तालुक्यात केळीला पाण्याइतकीच वाऱ्याची काळजी. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीची, टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लहान असतानाच पश्चिमेचा वारा पानं चिरून टाकतो आणि वाढ मागे पडते. म्हणून यंदा बांधावर फुले जयवंतच्या दोन ओळी लावल्या. राहुरी कृषी विद्यापीठाचं हे वाण बाजरी आणि हत्ती गवताच्या संकरातून आलं आहे. ते बी धरत नाही, म्हणजे वावरात तण होऊन पसरायची भीती नाही. बांधासाठी मला हाच गुण सगळ्यात मोलाचा वाटतो.

लागण कांडीने, म्हणजे खोडाच्या तुकड्याने होते. कांडी दोन डोळ्यांची (कोंब फुटायच्या जागांची), साधारण रुपयाला एक. नर्सरीतून आलेल्या गोण्यांत बऱ्याच कांड्यांचे डोळे वाळलेले निघाले, तिथे नांगे भरावे लागले, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा कांड्या लावाव्या लागल्या. ताजी तोडलेली कांडीच मागा. लागण फेब्रुवारीत केली, ठिबकची एक नळी दिली. जूनमध्ये केळीची रोपं लावली तेव्हा गवत डोक्याच्या वर गेलं होतं.

फरक डोळ्यांना दिसतो. गवताच्या आडोशाची पानं अखंड आहेत, उघड्या बाजूची झालर झाली आहे. शेजारच्यांनी हिरवी नेट बांधली आहे, पण मला गवतच पटतं. वारा त्यातून गाळून, मंद होऊन येतो. भिंतीसारखा आडोसा केला तर वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो. आडोशाचा उपयोग त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत धरतात, म्हणजे दहा फूट गवताला शंभर फूट. मोठ्या वावरात एका बांधावर भागणार नाही. केळी गवताच्या वर गेली की वरची पानं पुन्हा वाऱ्यात येतात, आणि मे महिन्यातलं वादळ तर हे गवत अडवूच शकत नाही. घडाच्या झाडांना टेकू द्यावाच लागेल.

गवत खादाड आहे. केळीची पहिली ओळ पाच फूट लांब ठेवा आणि मध्ये चर काढा, नाहीतर खत-पाणी तेच ओढून घेईल. दोन्ही ओळी एकदम कापू नका, एक कापली की दुसरी उभी राहू द्या. कापलेला चारा गाई आवडीने खातात. पण यात ऑक्झलेट, म्हणजे जनावराला कॅल्शियम मिळू न देणारा घटक असतो, म्हणून मी लसूणघास मिसळूनच घालतो.