फिल्म स्कूलची फी 'हप्त्याने' भरण्याआधी हे वाचा

माझ्या धाकट्या भावाला बारावीनंतर सिनेमाच शिकायचा होता. पण पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत दिग्दर्शन, संकलन, छायालेखन यांच्या मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, कोलकात्याच्या सत्यजित रे संस्थेतही तेच. नावाजलेल्या खासगी शाळांची फी आमच्यासारख्या बार्शीकडच्या शेतकरी घराला झेपणारी नाही. बारावीवर घेणारी, परवडणारी, फारसं नाव नसलेली शाळा शोधणारी अशी घरं पुष्कळ आहेत आणि फसव्या शाळा चालवणारी मंडळी नेमकी त्यांनाच गाठतात.

भावाने प्रवेश घेतला ती शाळा पुण्यात. तीन वर्षांची 'बी.ए. फिल्म मेकिंग', वर्षाला ९० हजार. ऑफिसात आयएसओ आणि एमएसएमईची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली. एमएसएमईची नोंदणी कुठल्याही छोट्या धंद्याला मिळते, आयएसओ कारभाराच्या पद्धतीबद्दल असतं. पदवी देण्याचा अधिकार या दोन्हींतून येत नाही. तो यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच असतो.

"मग डिग्री कोण देणार?" आमच्या वडिलांनी, आबांनी विचारलं. काउन्सेलर मॅडमनी परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं नाव सांगितलं, "टाय-अप आहे काका." यूजीसीच्या यादीत ते विद्यापीठ होतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा उरली नाही. पण खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत आणि दूरशिक्षणाचं केंद्र फ्रँचायझीवर चालवायला देता येत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. परीक्षेचं हॉल तिकीट आलं तेव्हा त्यावर छापलं होतं: बी.ए., समाजशास्त्र, दूरशिक्षण. फिल्मचा उल्लेख कुठेच नाही.

खरा घाव पैशाचा बसला. "फी दरमहा भरा, व्याज नाही," असं सांगून मॅडमनी आबांचं आधार, पॅन आणि पासबुक घेतलं, टॅबवर ओटीपी टाकायला लावला. "फक्त फॉर्मॅलिटी आहे, काका." प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, तिन्ही वर्षांच्या फीचं. सगळी रक्कम एकदम शाळेच्या खात्यात गेली आणि हप्ते आबांच्या खात्यातून कापले जाऊ लागले. शाळेला आता मुलगा टिकला काय, गेला काय, सारखंच होतं. गावच्या बँकेने शैक्षणिक कर्ज द्यायला नकार दिला होता, "कोर्सला मान्यता दिसत नाही" म्हणून. त्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, "सरकारी बँकांना फिल्म कळत नाही." माझं आता ठाम मत आहे: बँक नको म्हणते आणि शाळा स्वतःच कर्ज मिळवून देते, तिथून उठून यावं.

शिकवणं कसं होतं? प्रवेशाच्या दिवशी दाखवलेला सिनेमा कॅमेरा भाड्याचा होता, नंतर तो दिसलाच नाही. वर्गाला मिळून एक डीएसएलआर. 'इंटर्नशिप' म्हणजे संचालक घेत असलेल्या लग्नांच्या शूटिंगला फुकट लाइट धरणं, तेही ऐन परीक्षेत. मुलं मात्र जीव ओतून काम करत होती, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

भावाने शाळा सोडली तेव्हा शाळेने त्याची बारावीची मूळ गुणपत्रिका अडवून धरली. पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर ती परत मिळाली. फी परताव्याबद्दल आणि मूळ कागदपत्रं अडवू नयेत याबद्दल यूजीसीची २०१८ ची अधिसूचना आहे, पण ती विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉलेजांना लागू आहे. "आम्ही कॉलेज नाही, ट्रेनिंग सेंटर आहोत," असं लेखी उत्तर याच शाळेने दिलं.

प्रवेशाआधी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर कॉलेज आणि कोर्स दोन्ही सापडतात का बघा. पदवीवर विषयाचं नाव काय छापलं जाणार, हे शाळेकडून नको, विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी घ्या. ओटीपी देण्याआधी कर्ज कोणाच्या नावावर आहे, किती आहे आणि शाळा सोडली तर त्याचं काय होणार, ते कागदावर मागा.

ज्यांच्या घरी असं कर्ज आधीच चालू आहे, त्यांनी नुसता हप्ता बंद करू नये, सिबिल बिघडून पीककर्जही अडू शकतं. आधी फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा क्रमांक १४४४८. आमची तक्रार तिथेच आहे. सोबत फीच्या पावत्या, मॅडमचे व्हॉट्सअॅप मेसेज आणि ते हॉल तिकीट जोडलं आहे.