प्रॉपर्टी एजंटाच्या वेबसाइटसाठी ग्राहकांचे अभिप्राय: गुगल रिव्ह्यू की व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवलेले?

गुगलवरचा रिव्ह्यू ग्राहक स्वतःच्या खात्यातून लिहितो, त्यामुळे वाचणारा त्यावर लवकर विश्वास ठेवतो. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून (गुगलवरच्या तुमच्या व्यवसायाच्या पानावरून) रिव्ह्यूची लिंक घ्या आणि घराचा ताबा मिळाला की त्याच दिवशी पाठवा. महिनाभराने कोणी लिहीत नाही. अडचण मजकुराची. बहुतेक जण पाच तारे देऊन ‘छान सर्व्हिस’ एवढंच लिहितात. रिव्ह्यूच्या बदल्यात ब्रोकरेजमध्ये सूट देणं किंवा फक्त खूश ग्राहकांनाच निवडून लिंक पाठवणं गुगलच्या नियमांत बसत नाही. असे रिव्ह्यू काढले जाऊ शकतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न तुमच्या हातात असतात. ‘कसं वाटलं?’ विचारलंत, तर इथेही ‘छान’च येईल. तीन प्रश्न पुरतात: घर शोधताना कुठे अडलं होतं, आम्ही नेमकं काय केलं, दस्त नोंदणीपर्यंत किती वेळ लागला? ‘सोसायटीची एनओसी अडकली होती, ती यांनी पाठपुरावा करून मिळवली’ असं एक वाक्य दहा ‘छान’पेक्षा जास्त काम करतं. भाषा ग्राहकाचीच राहू द्या. फार तर शुद्धलेखन सुधारा आणि अंतिम मजकूर त्यांना दाखवा. नाव, फोटो, परिसर छापायची परवानगी त्याच चॅटमध्ये लेखी घ्या. फ्लॅट नंबर आणि व्यवहाराची रक्कम छापू नका.

वेबसाइटच्या पानासाठी आमची पसंती व्हॉट्सअ‍ॅपला. अभिप्रायांशेजारी तुमचा महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आणि गुगल प्रोफाइलची लिंक द्या, म्हणजे शंका असलेल्याला पडताळता येईल.