रसायन, ढग, तारे की गहू: संशोधनात जायचं तर कुठे?

बारावीनंतर ‘रिसर्चमध्ये जायचंय’ म्हणणारी मुलं पुण्यात पुष्कळ भेटतात. कशात, असं विचारलं की आवडीचा विषय सांगतात. मी उलटं विचारते: आपलं चुकलं की बरोबर आलं, हे कळायला किती थांबशील?

रसायनशास्त्रज्ञाला उत्तर लवकर मिळतं. पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, सकाळी लावलेली रिॲक्शन पुष्कळदा संध्याकाळी तपासता येते. फसली तर उद्या पुन्हा लावायची. हाताने काम करायला आवडणाऱ्यांनी इथेच जावं.

खरी ओढाताण खगोल आणि हवामान यांच्यात. पाया एकच: भौतिकशास्त्र, गणित आणि ढीगभर कोडिंग. दुर्बिणीला डोळा लावून रात्र काढणारा खगोलशास्त्रज्ञ विसरा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या रेडिओलहरी टिपतात, म्हणून भर दुपारीही चालतात. संशोधक मात्र पुण्यात विद्यापीठाच्या आवारात बसून त्या डेटातून माणसांनीच केलेला रेडिओ-गोंगाट गाळत असतो. ताऱ्यावर प्रयोग करता येत नाही. येईल तो सिग्नल गोड मानायचा. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतला हवामानशास्त्रज्ञही संगणकावरच मान्सून चालवून बघतो, पण त्याचं चुकलेलं लपत नाही. रोजचा अंदाज हवामान खातं देतं, हे लोकांच्या गावीही नसतं. पाऊस हुकला की लग्नकार्यात मामा-काका त्यालाच धरतात. कातडी जाड असेल तर मी हवामानच सुचवेन. शेतकऱ्याच्या पेरणीशी थेट संबंध येतो.

विषाणूशास्त्रज्ञाचं वेळापत्रक साथ ठरवते. १९५७ साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही), गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू शोधला. तिथे प्रयोगशाळेइतकंच रानही तुडवावं लागलं.

सगळ्यात जास्त धीर गव्हाच्या वाणांवर काम करणाऱ्याला लागतो. आघारकर संस्थेत हे काम चालतं. शेतात रब्बीचा हंगाम वर्षातून एकदाच, आणि नवं वाण पक्कं व्हायला असे कित्येक हंगाम जातात.

ठरत नसेल तर घाई नको. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत पाच वर्षांच्या बीएस-एमएसमध्ये, म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर अशा एकत्र अभ्यासक्रमात, आधी सगळे मूळ विषय शिकवतात. फक्त गणित सोडू नका. ते सुटलं की तारे आणि ढग दोन्ही अवघड. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास संस्था लोकांसाठी खुल्या असतात, तेव्हा पोस्टर वाचण्यापेक्षा तिथल्या पीएचडीच्या मुलांना गाठा. शेवटचं काम कधी फसलं, आणि ते किती दिवसांनी कळलं, एवढं विचारा.