डी.फार्म.चे विषय: परीक्षेला कोणता, काउंटरला कोणता?

डी.फार्म. म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदविका. तिच्या दोन वर्षांत मिळून अकरा विषय. अकराही सारखेच महत्त्वाचे, असं कॉलेजात सांगतात. त्यांना सांगावंच लागतं. पण हातात तीन-चार महिने उरलेत, पुढे एक्झिट परीक्षा आहे आणि त्यानंतर मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहायचंय, अशा वेळी कुठे किती जोर लावायचा हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. फार्माकॉलॉजी (औषध शरीरात काय करतं ते) आणि कायदा दोन्हीकडे चालतात. काही विषय परीक्षा झाली की संपतात. आणि दुकानात रोज लागणारे दोन विषय परीक्षेच्या यादीत नावानिशी नाहीतच.

आधी परीक्षा. 2022 च्या नियमांनी डी.फार्म. झालेल्यांना फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होण्याआधी एक्झिट परीक्षा आली, आणि ती पहिल्यांदा ऑक्टोबर 2024 मध्ये झाली. तीन पेपर, सगळे बहुपर्यायी प्रश्न, माध्यम इंग्रजी. प्रत्येक पेपरात वेगळे किमान 50 टक्के हवेत, तेही तिन्ही एकाच खेपेत. मात्र कितीही वेळा बसता येतं. पहिल्या पेपरात फार्मास्युटिक्स (औषधाचं रूप आणि ते बनवणं), फार्माकॉलॉजी आणि फार्माकॉग्नोसी (नैसर्गिक स्रोतांतली औषधं). दुसऱ्यात केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री आणि हॉस्पिटल-क्लिनिकल फार्मसी. तिसऱ्यात फक्त ज्युरिस्प्रुडन्स, म्हणजे कायदा, आणि ड्रग स्टोअर मॅनेजमेंट. बी.फार्म. आणि फार्म.डी.वाल्यांना ही परीक्षा नाही, ते थेट राज्य फार्मसी कौन्सिलकडे अर्ज करतात. तुमच्या बॅचला काय लागू आहे ते कौन्सिलकडेच विचारा, व्हॉट्सअॅपवरच्या पीडीएफवर जाऊ नका.

या यादीत एक गंमत आहे. तिच्यातली नावं 1991 च्या जुन्या अभ्यासक्रमातली आहेत. 2020 च्या नव्या अभ्यासक्रमात ड्रग स्टोअर मॅनेजमेंट नावाचा विषय नाही. त्याच्या जागी कम्युनिटी फार्मसी अँड मॅनेजमेंट आला. फार्माकोथेरप्युटिक्स (कोणत्या आजारावर कोणतं औषध ते) आणि सोशल फार्मसी हे विषय तर नव्यानेच आले. म्हणजे मुलं शिकतात एका यादीप्रमाणे आणि परीक्षा देतात दुसऱ्या. परिणाम ठरलेला: परीक्षेच्या यादीत नाव नाही म्हटल्यावर पोरं थेरप्युटिक्सचं पुस्तक बाजूला सारतात.

कायदा आणि फार्माकॉलॉजी

नुसत्या मार्कांचा हिशेब केला तर कायद्यासारखा स्वस्त विषय नाही. पुस्तक पातळ, आणि तीनपैकी एक अख्खा पेपर जवळपास त्याचाच. पहिले दोन पेपर उत्तम गेले आणि हा 50 च्या खाली राहिला, तर तिन्ही पुन्हा. तरी मुलं याला शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. माझ्या मते यामागे एक न बोललेलं कारण आहे. सर्टिफिकेट कुणाच्या तरी दुकानात लावायचं आणि महिन्याला पैसे घ्यायचे, हा बेत आधीच ठरलेला असेल तर कायदा वाचावासा वाटणारच नाही.

प्रत्यक्ष दुकानात मात्र कायदा कलमांच्या रूपात येत नाही. शेल्फवर सेफिक्झिम आणि अॅझिथ्रोमायसिन शेजारी-शेजारी असतात. दोन्ही अँटिबायोटिक, दोन्हींना डॉक्टरची चिठ्ठी लागते. पण कायद्यातल्या औषधांच्या याद्यांपैकी, म्हणजे शेड्यूलपैकी, सेफिक्झिम शेड्यूल एच वनमध्ये आहे आणि अॅझिथ्रोमायसिन नुसत्या एचमध्ये. म्हणून पहिलं विकलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. हे शेड्यूल 1 मार्च 2014 पासून लागू आहे; अल्प्राझोलम, झोल्पिडेम, लिव्होफ्लोक्सासिन, टीबीची बरीच औषधं त्यात येतात. एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) इन्स्पेक्टर आला की पहिल्यांदा हेच रजिस्टर मागतो. शेड्यूल एक्सचं औषध कुलपात ठेवायचं, चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षं जपायची. पाठांतर म्हणून हे कंटाळवाणं आहे, पण एकदा हाताने रजिस्टर लिहिलं की परीक्षेत पर्याय वाचायच्या आधी उत्तर डोळ्यांपुढे येतं.

फार्माकॉलॉजीचं उलट. पसारा मोठा, तयारीला वेळ जास्त, आणि पहिल्या पेपरात ती इतर दोन विषयांबरोबर वाटून येते. मार्कांच्या मापाने महागच. तरीही एकच विषय नीट करायचा म्हटलं तर मी हाच सांगेन, आणि कारण एका गोळीवरून सांगतो. संधिवाताला मेथोट्रेक्सेट देतात, आठवड्यातून एकदा. घरात बीपीची, शुगरची गोळी रोज घ्यायची सवय असते, म्हणून हीही रोज घेतली जाते. काही दिवसांत तोंड येतं. मग घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये येतं आणि म्हणतं, "आईचं तोंड आलंय, जेल द्या आणि बी-कॉम्प्लेक्स द्या." बहुतेक ठिकाणी दोन्ही देऊन गिऱ्हाईक मोकळं केलं जातं. ज्याला फार्माकॉलॉजी येते तो विचारतो, "सांध्यांसाठी काही गोळी चालू आहे का? कधी-कधी घेतात?" कारण तोंडातले फोड ही सुरुवात असू शकते, पुढे रक्तपेशी खाली येतात आणि जिवावर बेततं. त्याच पेशंटला लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल लिहून आलं, तर ते देण्याआधी डॉक्टरांना फोन लावायचा हेही याच विषयातून कळतं. दोन्ही औषधं फोलेटच्या वाटेवरच आडवी येतात.

फार्माकॉलॉजी आणि थेरप्युटिक्स

दोन्हींत औषधं तीच, पण दिशा वेगळी. फार्माकॉलॉजी औषधाकडून आजाराकडे जाते, थेरप्युटिक्स आजाराकडून औषधाकडे. बहुपर्यायी प्रश्नांना पहिली पुरते. समोर माणूस उभा असतो तेव्हा दुसरी लागते, कारण तो "मला बीटा ब्लॉकर चालू आहे" असं सांगत नाही. "मला दमा आहे आणि हल्ली हार्टची नवी गोळी सुरू झाली" एवढंच सांगतो. बीटा ब्लॉकरने दमा वाढू शकतो, हे आपल्यालाच जुळवावं लागतं. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, हे चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेलं असतं. माझा सल्ला असा की थेरप्युटिक्स वेगळा विषय म्हणून सोडू नका. बीपी, मधुमेह, दमा, टीबी, संधिवात ही पाच प्रकरणं फार्माकॉलॉजीच्या उजळणीबरोबरच वाचा. हॉस्पिटल-क्लिनिकल फार्मसीचे प्रश्नही त्यातून बरेच सुटतात.

फार्मास्युटिक्स आणि केमिस्ट्री

इथे निवड सोपी आहे. फार्मास्युटिक्स रोज लागतं: एसआर (हळूहळू विरघळणारी) गोळी कुटून का द्यायची नाही, लहान मुलांच्या ड्राय सिरपमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच का घालायचं, इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं पण फ्रीझरमध्ये का नाही. केमिस्ट्रीच्या रचना आणि टायट्रेशन काउंटरवर उपयोगी पडत नाहीत. दुसऱ्या पेपरात मार्क आहेत, तेवढ्यापुरतं करा.

पण केमिस्ट्रीतलं एक प्रकरण, अशुद्धी आणि तिची तपासणी, कृपा करून गाळू नका. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं म्हणून 14 रुग्ण दगावले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. 2025 मध्ये तेच विष मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या मुलांच्या खोकल्याच्या औषधात निघालं, आणि त्यातली कित्येक मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली गेली. दुकानात बसून हे विष ओळखता येत नाही. पण बिलावर बॅच नंबर खरा लिहिलेला असेल तर बाटली परत मागवता येते. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये कळवलेलं आहे. ते लेबल वाचून बाटली परत ठेवणं तर नक्कीच आपल्या हातात आहे.

फार्माकॉग्नोसी आणि बायोकेमिस्ट्रीवर फार बोलण्यासारखं नाही. परीक्षेपुरतं तयार करा. बायोकेमिस्ट्रीतला पॅथॉलॉजीचा भाग तेवढा लक्षात ठेवा, कारण लोक रिपोर्ट घेऊन दुकानात येतात आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) आकडा दाखवून विचारतात.

बाहेर जायचं असेल तर

अमेरिका, कॅनडा किंवा आखातात जायचं असेल तर क्रम बदलतो. आपला कायदा सीमेपर्यंतच. अमेरिकेत बहुतेक राज्यांत त्यांच्या कायद्याची वेगळी परीक्षा असते. फार्माकॉलॉजी आणि थेरप्युटिक्स मात्र जशीच्या तशी बरोबर येतात, आणि तिथल्या परीक्षांचा कणा तोच असतो. पण त्याआधी पदवीची अट बघा. 2003 पासून पुढच्या पदवीधरांना अमेरिकेच्या परदेशी फार्मासिस्टांसाठीच्या समकक्षता परीक्षेला किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, म्हणून आपली चार वर्षांची बी.फार्म. तिथे अडते, फार्म.डी. चालते. कॅनडात चार वर्षांच्या पदवीवर अर्ज करता येतो. डी.फार्म.च्या जोरावर या दोन्ही देशांत फार्मासिस्ट होता येत नाही, एजंट काहीही सांगो.

राहता राहिलं 500 तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. बरेच जण घराजवळच्या दुकानाचा सही-शिक्का घेऊन मोकळे होतात. नियमाप्रमाणे त्यातले निम्मे तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरून औषध देण्यात जायला हवेत. दुकान निवडताना दोन गोष्टी बघा: तिथे फार्मासिस्ट स्वतः बसतो का, आणि चिठ्ठ्या रोज किती येतात. रजिस्टर लिहायचं काम पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. मालक आनंदाने देईल, कारण ते कुणालाच आवडत नाही.