इनटेक निवडून देणारी सल्लासेवा: घ्यावी, पण प्रश्न आधी तयार ठेवून

परदेशी विद्यापीठातले शिक्षण कोणत्या सत्रापासून सुरू करावे, एवढ्या एकाच प्रश्नासाठी मी एका खासगी समुपदेशन संस्थेची सशुल्क सेवा घेतली. विषय ठरला होता आणि विद्यापीठांची यादीही तयार होती. सप्टेंबर इनटेक (म्हणजे प्रवेशाचे सत्र) धरायचा, जानेवारीचा, की सरळ पुढच्या वर्षापर्यंत थांबायचे, हे मात्र ठरत नव्हते. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण मला तिची जाहिरात करायची नाही आणि बदनामीही करायची नाही. अशी सेवा पारखावी कशी, हे वाचकांपर्यंत पोहोचावे, एवढाच हेतू आहे.

या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिथल्या समुपदेशकाने तारखा शेवटाकडून मांडायला सुरुवात केली. पदवी कधी हातात येईल, त्यानंतर त्या देशात नोकरी शोधण्यासाठी किती काळ मिळेल आणि तो काळ कोणत्या नियमाने ठरतो, हे त्यांनी आधी विचारले. या पद्धतीचा उपयोग ब्रिटनच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसला. तिथे पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी दोन वर्षांची आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना ती अठराच महिन्यांची मिळणार आहे. म्हणजे एका वर्षाचा मास्टर्स सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू करणाऱ्याला, निकाल वेळेत लागला तर, जुन्या मुदतीचा लाभ मिळू शकतो. तोच अभ्यासक्रम जानेवारी २०२६ मध्ये सुरू करणाऱ्याला मात्र तो मिळण्याची शक्यता जवळपास उरत नाही, कारण अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्यानंतरच हा अर्ज करता येतो. चार महिन्यांच्या फरकापायी नोकरी शोधण्याचे सहा महिने जातात, आणि ही बाब माहितीपत्रकात सहसा ठळकपणे दिसत नाही. ती समोर मांडल्याबद्दल मी या सेवेला मनापासून गुण देईन.

कागदपत्रांचा हिशेबही नेटका होता. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा देशाबाहेरून मागायचा असेल तर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या फार तर सहा महिने आधी अर्ज करता येतो, त्याहून लवकर नाही, आणि खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून अधिक आधी जाता येत नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षेच ग्राह्य धरले जातात. अंतिम गुणपत्रिका उशिरा मिळणार असेल तर या साऱ्या मुदती एकमेकींवर येतात, आणि तशा वेळी सप्टेंबरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

नाराजी आहे ती जानेवारीच्या आग्रहाबद्दल. पहिल्या बैठकीपासून ‘जानेवारीत स्पर्धा कमी असते’ हे वाक्य वारंवार ऐकू आले. अभ्यासक्रमही कमी असतात, हे मात्र मला विचारून काढावे लागले. जर्मनीत अनेक मास्टर्स अभ्यासक्रम फक्त ऑक्टोबरमधल्या हिवाळी सत्रातच सुरू होतात. अमेरिकेत विभागांच्या शिष्यवृत्त्या आणि असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याच्या मोबदल्याची कामे) यांचा मोठा वाटा फॉल, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्राच्या प्रवेशांबरोबर ठरतो. शिवाय तिथे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंटर्नशिप करण्यासाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेले असावे लागते, त्यामुळे जानेवारीत रुजू झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या उन्हाळ्यात ती संधी बहुधा मिळत नाही. दुसरीकडे ऑस्ट्रेलियात वर्षाचे मुख्य सत्रच फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते, तेव्हा तिथे जुलै हा दुय्यम इनटेक ठरतो. जानेवारी चांगला की वाईट, हा प्रश्न देशाचे नाव घेतल्याशिवाय विचारण्यातच चूक आहे. विद्यार्थी दाखल झाल्यावर विद्यापीठाकडून कमिशन घेणाऱ्या समुपदेशन संस्था अनेक आहेत. अशा ठिकाणी जवळचा इनटेक सुचवण्याकडे कल असू शकतो, म्हणून तुमच्या संस्थेला कमिशन मिळते का, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे. विचारणे मुळीच उद्धटपणाचे नाही.

वर्षभर थांबण्याच्या पर्यायावर सेवेने फारच कमी वेळ दिला, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. मिळालेली प्रवेशाची ऑफर डिफर करता येते, म्हणजे पुढच्या सत्रावर ढकलता येते, पण प्रत्येक विद्यापीठ ती मान्य करीलच असे नाही, शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी टिकेल याचीही हमी नसते आणि व्हिसासाठी नव्या तारखांची कॅस (ब्रिटन) किंवा आय-२० (अमेरिका), म्हणजे विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे कागदपत्र, लागते. हे धोके खरे आहेत. तरीही ज्याच्याकडे शिफारसपत्रे अपुरी आहेत, पैशांची व्यवस्था अर्धवट आहे किंवा ज्याला अजून विषयाचीच खात्री नाही, त्याच्यासाठी थांबणे हा पूर्णपणे सन्मान्य निर्णय आहे, आणि सल्लागाराने तो इतर दोन पर्यायांइतक्याच गांभीर्याने मांडायला हवा.

राहण्याच्या सोयीबद्दल मिळालेली माहिती जुजबी होती.

पाचपैकी साडेतीन गुण. व्हिसाचे नियम स्वतः वाचून तारखा जुळवू शकणाऱ्याला या सेवेची गरज नाही. ज्याला एकापेक्षा अधिक देशांची तुलना करायची आहे, त्याने ती जरूर घ्यावी. फक्त शुल्क भरण्यापूर्वी तारखांचे संपूर्ण वेळापत्रक, प्रत्येक नियमाच्या अधिकृत संकेतस्थळाच्या उल्लेखासह, लेखी देण्याचे कबूल करून घ्यावे. मला ते तोंडीच मिळाले, आणि घरी येऊन प्रत्येक तारीख पुन्हा पडताळावी लागली.