म्हाताऱ्या मनीच्या पोटासाठी फोर्टिफ्लोरा पावडर, महिनाभर वापरून सांगतेय

आमची मांजर मनी 14 वर्षांची, सिडकोतल्या घरातच लहानाची मोठी झाली. दिवाळीनंतर तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच, शी पातळ आणि पाठीवर हात फिरवला की नुसती हाडं लागायची. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून दूध-भात दिला तर अजूनच वाढलं, मोठ्या मांजरांना बहुतेक दूध पचतच नाही.

मग गंगापूर रोडला डॉक्टरांकडे नेली, त्यांनी आधी रक्त तपासलं कारण या वयात थायरॉईड नाहीतर किडनीमुळेही असं होऊ शकतं, ते नॉर्मल आल्यावर फोर्टिफ्लोरा दिलं, मांजरांसाठीचंच घ्या म्हणाले. 1 ग्रॅमची पुडी, दिवसातून एकदा जेवणावर भुरभुरायची, आत एन्टरोकॉकस फेशियम नावाचे पोटाला चांगले जंतू असतात. औषध बघून पलंगाखाली पळणारी मनी ही पावडर आधी चाटते, मग खालचं चिकन! सहाव्या दिवशी ट्रेमध्ये घट्ट शी दिसली आणि मला खरंच रडू आलं.

महाग आहे, नाशकात दोन दुकानं फिरून मिळालं नाही म्हणून ऑनलाइन मागवलं. पण रक्त तपासल्याशिवाय सुरू करू नका प्लीज.